तिसऱ्या हाकेआधी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस माझी खात्रीच झाली होती, की माहेरच्यांनी डोळे झाकून मला एका बहिऱ्याच्या गळ्यात बांधलं. पान वाढून "अहो, जेवायला या" म्हणावं तर हेमकांत ढिम्म. पुन्हा म्हणावं तर नुसती मान वर करणार, ओठ मिटलेलेच. तिसऱ्यांदा मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले की मग शांतपणे "ओ" म्हणून येणार आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पाटावर बसणार. माहेरी धानोऱ्याला आईला फोन करून मी रडलेसुद्धा होते. आई म्हणाली, कान तपासून घे, आणि मग भांड.

कान धड होते. सासूबाईंनी, म्हणजे सरलाबाईंनी, एके दिवशी भाकरी थापता थापता मला समजावलं.

"पहिली हाक वारानी, दुसरी भुलनी. तिसरी माणूसनी. माणूस व्हई ते तिसरी हाक मारीच."

भूल म्हणजे चकवा. दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला ओ देऊ नये हे आमच्याकडे सगळ्या गावांत आहे, त्यात नवल नाही. पण आमच्या घरात ते दिवसाढवळ्याही पाळायचे. कारण हेमकांतचा मोठा भाऊ चुनीलाल. शाळकरी वयात तो ओसरीवर बसला होता, नदीकडून कोणीतरी हाक मारली, हा "ओ" म्हणून उठला आणि चालत गेला. सापडला तो खालच्या डोहात. हाक कोणी मारली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून सरलाबाईंनी धाकट्याला असा घडवला, की शेजारी आग लागली असती तरी तो तिसऱ्या हाकेशिवाय उठला नसता.

मी हसायचे. बारावी शिकलेली होते, हसण्याचा हक्क आहे असं मला वाटायचं.

आमचं गाव तापीच्या काठाला आणि गावाच्या वरच्या अंगाला बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा. हेमकांत तिथं बरीच वर्षं मदतनीस होता. गेटच्या दोरांना ग्रीस लावायचं, पाणी किती चढलं ते बघायचं, साहेब सांगतील ते करायचं. यंदा ऑपरेटरची जागा निघाली. ऑपरेटर म्हणजे केबिनमध्ये बसणारा, वॉकीटॉकीवर हुकूम आला की गेट उचलणारा माणूस. आधी भोंगा द्यायचा, खाली पात्रात कोणी नाही ना ते बघायचं आणि मग पाणी सोडायचं. भोंग्याची दुरुस्ती मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर, वाजला तर वाजला. दुसऱ्या कुठल्यातरी धरणावर ऐन पुरात ऑपरेटर घाबरून पळून गेला होता म्हणे, तेव्हापासून नियम आला की या जागेवर बसणाऱ्याची आधी मानसिक चाचणी घ्यायची. गावात लगेच बोभाटा झाला, हेमकांतचं डोकं तपासणार! काहींनी तर, सापडलं तर आम्हालाही कळवा, म्हणून सांगितलं.

चाचणी नंदुरबारला होती. मीही गेले, कारण घरच्या एका माणसालाही बोलवलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टर अंजुम नंदुरबारच्याच, मिरचीचा व्यापार करणाऱ्या घरातल्या, शिकून परत आलेल्या. आमच्याशी त्या अहिराणीतही बोलल्या. त्यामुळे मला वाटलं, चला, घरचंच माणूस आहे, काम झालं.

झालं कसलं! हेमकांतच्या कानाला हेडफोन लावले. त्यात पाण्याचा, मोटारींचा, माणसांचा गलका आणि मधूनच कोणीतरी त्याचं नाव घेणार. नाव ऐकू आलं की लगेच बटण दाबायचं, एवढंच. काचेतून मला दिसत होतं. बोट बटणावर आणि चेहरा दगडाचा. कधीतरी बऱ्याच वेळानं बोट खाली जायचं. मला लगेच समजलं हा काय करतोय, आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. हा बाबा मशीनच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत होता.

डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले निघाले. मग त्यांनी विचारलं, ऐकू आल्यावरही थांबता का? त्यानं खरं सांगायला काय हरकत होती? पण नाही सांगितलं. आपल्याला अडाणी समजतील, भुताखेतांचं लिहून ठेवतील, या लाजेनं तो म्हणाला, "ध्यान नव्हतं, मॅडम." गेटवर बसायला आलेला माणूस ध्यान नव्हतं म्हणतो! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणाल्या.

गावात आल्यावर तो आठवडाभर कोणाच्या नजरेला नजर देईना. त्याचं नावच बहिरा पडलं. बॅरेजवरचे मुकादम रूपचंदभाऊ घरी आले आणि चहा पिता पिता मला म्हणाले, "वहिनी, आखो एकदा नापास व्हयना ते मन्हा हातमा काही नही. जागा बी जाई आन शे ते काम बी जाई." त्यांचा स्वर वाईट नव्हता, पण मला त्या दिवशी झोंबलं. माझ्या नवऱ्यानं उन्हापावसात वर्षं काढली आणि आता एका हाकेपायी सगळं घालवणार? मी ठरवलं, ही खोड मीच मोडणार.

आणि इथं मला एक अशी गोष्ट करावी लागली, जी आमच्यात कोणी करत नाही. नवऱ्याचं नाव बायको घेते ते उखाण्यात, एरवी नाही. पण मशीन काही "जिग्नाचे पप्पा" म्हणून हाक मारणार नव्हतं. म्हणून मी पदर खोचला आणि चुलीपाशी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "हेमकांत!"

गल्लीतल्या बाया दारात आल्या. आमची मुलगी जिग्ना तोंडावर हात ठेवून खुदखुदली. हेमकांत लाजून लाल झाला, पण ओ दिली नाही. मी सांगितलं, पहिल्याच हाकेला ओ द्यायची, नाहीतर ताट मिळणार नाही. त्या दिवशी खरंच त्याला उशिरा जेवायला मिळालं.

मग मी सपाटाच लावला. तो दाढी करताना, बैलाला पाणी पाजताना, फोनवर बोलताना, मी कुठूनही हाक मारायची. कधी हळू, कधी कुकरच्या शिट्टीत मिसळून. जिग्नालाही सामील करून घेतलं. सुरुवातीला त्याच्या अंगावर काटा यायचा, "ओ" म्हणताना आवाज चिरकायचा. मग सुधारलं. हाक पुरी व्हायच्या आत ओ यायला लागली. मला असा आनंद व्हायचा की काय सांगू! शाळेत मास्तरीण व्हायचं राहून गेलं होतं, ते आता झाले असं वाटायचं.

सरलाबाईंना मात्र हे रुचलं नाही. एकदा मी धान्य निवडत होते, तेव्हा त्या समोर येऊन बसल्या.

"वहू, तू त्यान्हा कानना कुलूप काढी ऱ्हायनी. मंग कानना मजार कोन ई, ते तुन्हा हातमा नही."

"माय, नोकरीचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मन्हा चुनीलाल एकच हाकमा गया," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला राग आला. म्हातारीनं पोराला आयुष्यभर भीती घालून ठेवली आणि आता मलाच बोलते, असं मनात आलं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मी आत पीठ मळत होते, तोंडातून शब्द नव्हता काढला, आणि अंगणातून आवाज आला, "ओ, उनू!" हेमकांत दारात येऊन उभा राहिला.

"काय म्हणस?"

"मी नही मारी हाक."

"आते मारी ना तू. हेमकांत म्हणनी."

मी म्हटलं, जिग्नानं मारली असेल. जिग्ना शाळेत होती. ते मला आठवलं, त्यालाही आठवलं असणार.

मग ते होतच राहिलं. शेतात काम करताना तो मधेच थांबून ओ द्यायचा. बाजारात भाव करताना मागे वळून बघायचा. मी हाका मारणं बंद केलं, जिग्नालाही दम दिला, तरी ओ यायचीच. आधी मी त्याला सांगायचे, कोणी नाही हो. पुढे पुढे सांगायचंही टाळलं, कारण सांगितलं की तो माझ्याकडे असा बघायचा जणू मीच खोटं बोलतेय. अति तिथं माती म्हणतात. माती माझ्याच हातानं झाली होती आणि मला ती दिसत होती. पण चाचणीची तारीख जवळ आली होती, आणि मी मनाला सांगत राहिले की सवय नवीन आहे, मुरेल.

चाचणीच्या आदल्या दुपारी आम्ही जेवत होतो. हेमकांतनं हातातला घास खाली ठेवला, "ओ रूपचंदभाऊ" म्हणाला आणि उठून अंगणात गेला. मी खिडकीतून पाहिलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. तो मात्र फाटकापाशी उभा राहून मान हलवत होता, समोरचा बोलतोय आणि हा ऐकतोय, तसा. परत येऊन त्यानं हात धुतले.

"काय म्हणनात रूपचंदभाऊ?" मी विचारलं.

"दोन नंबर गेट उघडानं शे, म्हणनात," तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला बसला. घास तोंडाशी नेता नेता थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. रूपचंदभाऊ तेव्हा सुरतला लेकीकडे गेले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सरलाबाईंनी पुढ्यातलं ताट सरकवलं. त्या दिवशी कोणीच पोटभर जेवलं नाही.

मी घाबरले होते, हे सरळ सांगते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा नवा शर्ट इस्त्री केला.

नंदुरबारला पुन्हा तीच खोली, तेच हेडफोन. या वेळी हेमकांतचं बोट असं चालत होतं की मला डोळ्यांनी धरता येईना. बाहेर येऊन तो बाकावर बसला आणि पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी हसला. मग डॉक्टर अंजुमनी मला एकटीला आत बोलावलं. पंखा बंद केला, दार लोटून घेतलं.

"ताई, एवढं झपाट्यानं बटण दाबणारं कोणी आजवर आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण नाव घेतलं नव्हतं तिथंही त्यांनी दाबलंय. घाईत माणसं दाबतात, ते मी धरत नाही. मला इतकंच कळायला पाहिजे, की ती घाई होती की त्यांना खरंच काही ऐकू आलं. ते मशीन नाही सांगू शकत. घरच्यांना माहीत असतं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग त्या अहिराणीत बोलल्या, हळू आवाजात.

"कोणी हाक मारी नही, तरी ते ओ देतस का? घाबरू नका. आसं व्हयनं ते त्यावर इलाज शे. फक्त गेटवर बसता ई नही."

फक्त गेटवर बसता येणार नाही. हे "फक्त" मला असं लागलं! त्यांना काय माहीत, गावात बहिरा म्हणून चिडवतात म्हणजे काय. इलाज करायला नेलं तर आता वेडा म्हणतील. दाराच्या फटीतून मला बाकावर बसलेला हेमकांत दिसत होता. शर्टाची कॉलर सारखी करत होता. मी कुठे चुकले होते ते कबूल करायचं, म्हणजे त्याला त्या बाकावरून उठवून घरी न्यायचं होतं.

"नही, मॅडम," मी म्हटलं. "आसं काहीच नही. तो घाईना माणूस शे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग लिहिलं. हेमकांत पास झाला.

गावात पेढे वाटले. बहिरा म्हणणारेच आधी पेढे घ्यायला आले. रूपचंदभाऊंनी पाठ थोपटली. सगळं मला हवं तसंच होत होतं, आणि मी एकही पेढा तोंडात घातला नाही. संध्याकाळी फुलीबाई आली. ती खाली पात्राच्या कडेला राहणारी, तिचा नवरा आणि पोरं मासे धरतात, पाणी उतरलं की दिवसदिवस पात्रातच असतात. ती म्हणाली, "बरं व्हयनं बाई, आपला माणूस वर बसना. आते आम्हले भ्याव नही." मी तिला दोन पेढे जास्त दिले.

दुसऱ्या दिवसापासून सरलाबाईंनी नदी सोडली. इतकी वर्षं मी बघते, ही बाई रोज सकाळी नदीवर जाते. धुणं तिथं, अंघोळ तिथं, चुनीलालच्या नावानं ओंजळभर पाणी तिथं. त्या सकाळी त्या बादली घेऊन गल्लीतल्या हापशावर जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. गुडघे दुखतात, अशी सबब बायांना सांगितली. माझ्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

हेमकांतची पहिली पाळी सोमवारी सकाळची होती. वर घाटमाथ्याला दोन दिवस पाऊस लागून राहिला होता, आमच्याकडे नुसतं ढगाळ. बॅरेज भरत आलं होतं, खाली पात्र मात्र अजून उथळ, दगड उघडे. मी डबा भरून दिला. त्यानं खाकी शर्टाची बटणं लावली, जिग्नाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दारापर्यंत गेला. तिथून परत आला. चुलीपाशी येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाला,

"सीमा, जिग्नाले नदीवर धाडू नको. तू बी जाऊ नको."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"कसाले?"

"आसंच."

"तुम्हले आजून ऐकू येस ना?"

तो म्हणाला, "रोज येस. आते खरं कोनतं आन खोटं कोनतं, माले समजत नही."

"मंग जाऊ नका ना! सांगी टाका साहेबले!"

"काय सांगू? तू डॉक्टरले नही म्हणनी. मी बी नही म्हणना." त्याचे डोळे भरले होते. "जाऊ दे माले. आज पहिला दिवस शे."

"आन फुलीबाई? तिन्हा पोरे रोज खाले ऱ्हातस!"

त्यानं डबा उचलला. सायकलवर टांग टाकून तो बॅरेजच्या रस्त्याला लागला. मी दारात उभी राहून त्याला जाऊ दिलं, आणि त्याक्षणी मला त्याची नाही, माझीच भीती वाटली. माझी पोर वाचवायला सांगून तो गेला होता. म्हणजे कोणाचं तरी पोर जाणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

सरलाबाई ओसरीवर बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्यासमोरच फोन काढला आणि चाचणीच्या कागदावरच्या नंबरवर डॉक्टर अंजुमना लावला. नोकरी, पेढे, गावात वर झालेली मान, सगळं त्या एका फोननं जाणार होतं. तिकडून त्यांचा आवाज आल्यावर मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "मॅडम, मी खोटं बोलले. त्याला ऐकू येतं. हुकूमसुद्धा ऐकू येतात."

त्यांनी लगेच विचारलं.

"आत्ता ते कुठे आहेत?"

"गेटवर जातोय. पोहोचला असेल."

"मी बॅरेजच्या साहेबांना फोन लावते, लागेल तेव्हा लागेल. ताई, खाली पात्रात कोणी आहे का?"

मी चप्पल न घालताच निघाले. गल्ली, हापसा, मारुतीचं देऊळ, मग काठाची उतरंड. बाया विचारत होत्या, काय झालं, कुठं चाललीस. मी थांबले नाही. खाली पात्रात फुलीबाईचं अख्खं बिऱ्हाड होतं. नवरा आणि मोठा मुलगा जाळं ओढत होते, लहानगी खडकावर मासे वेचत होती, फुलीबाई धुणं धूत होती. वर बॅरेजची गेटं सलग बंद दिसत होती.

"फुलीबाई, पोरे काढ! वर चाल!"

तिनं हसून मान वर केली. पिळलेलं लुगडं हातातच होतं.

"भोंगा कोठे वाजना आजून, बाई? इतली घाई कसाले?"

"भोंगानी वाट देखू नको," मी म्हटलं, आणि पाण्यात उतरून तिच्या लहानगीला उचललं. "आज गेटवर मन्हा घरवाला शे."